‘मला सुचले’ म्हणताना नेमके काय घडलेले असते?

मराठीत ‘सुचणे’ हे क्रियापद मोठे बोलके आहे. ‘मी लिहिले’, ‘मी रचले’, ‘मी शोधून काढले’ असे आपण सहज म्हणतो, पण ‘मी सुचले’ असे कोणी म्हणत नाही. म्हणावे लागते ते ‘मला सुचले’. या वाक्यात कर्त्याची जागा कल्पनेने घेतलेली असते आणि माणूस ‘ला’ प्रत्यय लावून एका बाजूला उभा असतो, जणू ती कल्पना कुठून तरी निघाली आणि त्याच्यापाशी येऊन थांबली. नवे काही सुचते तेव्हाचा अनुभव खरोखरच असा असतो, आणि म्हणूनच वेगवेगळ्या काळांतील आणि समाजांतील माणसांनी आपल्या सर्जनाचे श्रेय देवतेला, दैवी कृपेला किंवा अंगात संचारलेल्या एखाद्या शक्तीला दिलेले दिसते.

मात्र याच घडणीचे आणखी एक क्रियापद आपण रोज वापरतो, ते म्हणजे ‘आठवणे’. ‘मी आठवले’ असे न म्हणता आपण ‘मला आठवले’ म्हणतो. आठवणही न बोलावता येते, हवी तेव्हा येत नाही, आणि नको तेव्हा हटकून येते. तरीही आठवण बाहेरून येते असे कोणी मानत नाही, कारण आपल्याच आत साठलेले काहीतरी वर आले हे आपल्याला पक्के ठाऊक असते. सुचण्याच्या बाबतीत ही खात्री नसते, आणि सर्जनशीलतेभोवती जे गूढ दाटलेले आहे त्याचा बराचसा भाग या एका फरकातून आलेला आहे. मला जे समजावून सांगायचे आहे ते असे, की सुचणे हा सर्जनाचा सर्वांत ठळकपणे दिसणारा भाग असला तरी तो सर्वांत मोठा भाग नव्हे. त्याच्या आधी साठवण असते, त्याच्यानंतर निवड असते, आणि या दोहोंच्या कष्टात माणसाला टिकवून धरणारी एक ओढ असते. ही ओढ बाहेरून कोणाला लावता येत नाही, परंतु बाहेरून ती मोडता मात्र सहज येते.

आधी शब्दाचा अर्थ नक्की करून घेतलेला बरा. मानसशास्त्रात सर्जनशील म्हणण्यासाठी साधारणपणे दोन अटी मानल्या जातात: निर्माण झालेली गोष्ट नवी हवी आणि ती जिथे उभी आहे तिथे समर्पकही हवी. कळफलकावर डोळे मिटून बोटे आपटली तर उमटणारी अक्षरे बहुधा याआधी त्याच क्रमाने कोणी लिहिलेली नसतात, पण ती कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नसतात आणि कोणत्याच भावनेला आकार देत नाहीत, म्हणून त्यांना कोणी सर्जन म्हणत नाही. नवेपणा कोणाच्या दृष्टीने मोजायचा, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्यावर मार्गारेट बोडेन या ब्रिटिश विदुषीने केलेला भेद फार उपयोगी आहे. एखादी कल्पना ती सुचणाऱ्या व्यक्तीपुरती नवी असू शकते, किंवा मानवी इतिहासातच पहिल्यांदा आलेली असू शकते. एखाद्या मुलीने वहीवर १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६ असे मांडता मांडता, कोणी न सांगता, विषम संख्यांची क्रमाने बेरीज केली की वर्गसंख्या मिळतात हे ताडले, तर गणिताच्या इतिहासात काहीच भर पडत नाही; पण त्या मुलीच्या मनात जे घडले ते थोर गणितज्ञाच्या मनात घडणाऱ्या क्रियेहून वेगळ्या जातीचे नसते. सर्जनशीलता ही मूठभरांची मिरासदारी नाही असे मी म्हणतो ते कोणाला बरे वाटावे म्हणून नव्हे, तर ही प्रक्रिया मुळात एकच आहे म्हणून.

आता साठवणीकडे वळू. स्मृती आणि कल्पना यांचे नाते किती जवळचे आहे, हे डेमिस हासाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून स्पष्ट झाले. मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाची एक रचना असते आणि प्रसंगांच्या आठवणी घडवण्यात तिचा मोठा वाटा असतो. या रचनेला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यामुळे स्मृती गमावलेल्या काही रुग्णांना असे सांगण्यात आले, की एखाद्या उष्ण प्रदेशातील सुंदर किनाऱ्यावर तुम्ही वाळूत पहुडला आहात अशी कल्पना करा आणि काय दिसते ते सांगा. आठवण्यासारखे इथे काहीच नव्हते, केवळ नवे चित्र मनात उभे करायचे होते. पण बहुतेक रुग्णांना ते जमले नाही. एखादा रंग, एखादी वस्तू असे सुटे तुकडे त्यांना मिळत होते, पण त्यांचे मिळून एक दृश्य होत नव्हते. ज्यांना मागचे आठवत नव्हते त्यांना पुढचे कल्पिताही येत नव्हते. ‘मला आठवले’ आणि ‘मला सुचले’ या दोन वाक्यांची घडण मराठीने एकसारखी ठेवली, हा व्याकरणाचा योगायोग असेल. पण तो मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

साठवण कल्पनेला बळ देते, तशीच तिला आपल्या साच्यात ओढूनही घेते. टॉमस वॉर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पृथ्वीपेक्षा फार वेगळ्या ग्रहावरचा प्राणी कल्पून त्याचे चित्र काढायला सांगितले. कोणतेही बंधन नव्हते, हवे ते काढण्याची मोकळीक होती. तरीही बहुतेकांच्या कागदावर अवतरलेल्या प्राण्याला डोळे होते, पाय होते, आणि मधोमध रेघ मारली तर त्याचा डावा-उजवा भाग सारखा भरत होता. डोळे तीन असतील, पाय सहा असतील, पण साचा पृथ्वीवरच्या प्राण्याचाच होता. आपण कल्पनेच्या भराऱ्या म्हणतो खऱ्या, पण त्या भराऱ्या आपण ज्या जमिनीवर उभे असतो तिथूनच घेतल्या जातात, आणि म्हणून ती जमीन जितकी विस्तृत तितकी भरारी लांबची.

भारतीय साहित्यशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी नेमकेपणाने सांगून ठेवली आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट यांनी ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्य निर्माण होण्यामागे तीन गोष्टी सांगितल्या: शक्ती, म्हणजे ज्याला इतर आचार्य प्रतिभा म्हणतात ते जन्मजात बीज, निपुणता, म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वीची काव्ये यांच्या निरीक्षणातून आलेली जाण, आणि अभ्यास, म्हणजे जाणकारांच्या हाताखाली केलेला सराव. यात खरी मौज पुढे आहे. या तिन्हींसाठी मम्मटांनी ‘हेतवः’ असे अनेकवचन न वापरता ‘हेतुः’ असे एकवचन योजले आणि त्याचे स्पष्टीकरणही दिले, की ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिघे मिळून एकच कारण आहे. प्रतिभा जन्मजात की कमावलेली, या आजही हिरिरीने चालणाऱ्या वादाला एका प्रत्ययाने दिलेले इतके समर्पक उत्तर मला अन्यत्र आढळलेले नाही.

साठलेल्यातून नवे कसे निघते, याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे दूरदूरच्या गोष्टींची गाठ पडून. सार्नॉफ मेडनिक यांनी १९६२ मध्ये असा विचार मांडला, की ‘टेबल’ म्हटल्याबरोबर प्रत्येकाला ‘खुर्ची’ आठवते, पण काही जणांच्या मनात पहिल्या जोडीपाशीच सारा जोर संपून जातो, तर काहींच्या मनात तो दूरच्या, क्षीण धाग्यांनी बांधलेल्या शब्दांपर्यंत पोहोचतो. आणि सर्जनशील माणसे ही दुसऱ्या प्रकारची असतात. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे, कारण कित्येकदा अडचण दूरचे न दिसण्याची नसते. समोरची वस्तू फार ओळखीची झाल्यामुळे ती दिसेनाशी होते.

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने रचलेला मेणबत्तीचा प्रश्न याचे उत्तम उदाहरण आहे. तुमच्यासमोर टेबलावर एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेले एक लहान खोके ठेवले आहे. मेणबत्ती भिंतीवर अशी बसवायची आहे की ती पेटवल्यावर मेण टेबलावर गळू नये. लोक मेणबत्तीलाच टाचणी टोचून पाहतात, मेण वितळवून तिला भिंतीला चिकटवण्याचा प्रयत्न करतात, आणि दोन्ही उपाय फसतात. उत्तर असे, की टाचण्या बाहेर ओतायच्या, रिकामे खोके टाचणीने भिंतीला ठोकायचे आणि त्यात मेणबत्ती उभी करायची. खोके पहिल्यापासून डोळ्यांसमोर असते, पण ते ‘टाचण्या ठेवण्याचे’ म्हणून मनात इतके पक्के बसलेले असते, की ते काही ठेवण्याची फळीही होऊ शकते हे सुचतच नाही. तेच खोके रिकामे करून टाचण्यांशेजारी ठेवले तर कितीतरी अधिक लोकांना उत्तर सापडते. वस्तू त्याच, माणसे तशीच, आणि तरीही एकदा सुचते, एकदा सुचत नाही. सर्जनात जोडण्याइतकेच सोडवण्याला महत्त्व आहे: वस्तूला तिच्या ठरलेल्या कामापासून सोडवणे, शब्दाला त्याच्या नेहमीच्या सोबत्यापासून सोडवणे.

मग ती प्रसिद्ध वीज कधी चमकते? या क्षणाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी १९०८ मध्ये पॅरिसमधील मानसशास्त्रज्ञांपुढे केले, असे मला वाटते. तरुणपणी ते एका विशिष्ट प्रकारची फलने असूच शकत नाहीत हे सिद्ध करण्याच्या मागे लागले होते. पंधरा दिवस ते रोज तास-दोन तास बसत, असंख्य जुळण्या करून पाहत, आणि हाती काहीच लागत नसे. एका संध्याकाळी त्यांनी नेहमीची सवय मोडून काळी कॉफी घेतली आणि झोप उडाली. त्या रात्री कल्पनांची झुंबड उडाल्याचे आणि त्या एकमेकींवर आदळत असल्याचे त्यांना जाणवत राहिले. शेवटी त्यांतल्या दोन-दोन जणू एकमेकींत अडकून पक्क्या झाल्या. सकाळपर्यंत त्यांनी उलटेच सिद्ध केले होते: अशा फलनांचा एक वर्ग अस्तित्वात होता. पुढे ते कां या गावाहून एका भूगर्भीय सहलीला गेले आणि प्रवासाच्या गडबडीत गणित विसरले. कुतांस येथे गाडीत चढण्यासाठी पायरीवर पाऊल ठेवले आणि त्या क्षणी त्यांना सुचले, की या फलनांसाठी आपण वापरलेली रूपांतरणे अयूक्लिडीय, म्हणजे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या युक्लिडच्या भूमितीहून वेगळ्या, भूमितीतल्या रूपांतरणांसारखीच आहेत. आधीच्या कोणत्याही विचाराने त्याची तयारी केलेली दिसत नव्हती. त्यांनी तिथे पडताळा घेतला नाही. तेवढा वेळही नव्हता. गाडीत बसून अर्धवट राहिलेले संभाषण त्यांनी पुढे चालू ठेवले, मनात मात्र पूर्ण खात्री होती, आणि घरी परतल्यावर सवडीने त्यांनी ते तपासून पाहिले.

गाडीच्या पायरीची ही गोष्ट लोक आवडीने सांगतात आणि आधीचे पंधरा दिवस गाळून टाकतात. खुद्द प्वांकारे यांचा सारा भर मात्र त्या दिवसांवर होता. वरकरणी वाया गेलेल्या त्या श्रमांशिवाय असे अचानक सुचणे कधीच घडत नाही, असे त्यांनी बजावून सांगितले. या आणि अशा वर्णनांच्या आधारे ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाच्या चार अवस्था मांडल्या: तयारी, मुरणे, स्फुरणे आणि पडताळणे. यातल्या दुसऱ्या अवस्थेला आपण ‘डोक्यात घोळत ठेवणे’ म्हणतो. त्या काळात नेमके काय चालते याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते मन नकळत जुळणी करत राहते. तर काहींच्या मते आपण ज्या चुकीच्या वाटेवर अडून बसलेलो असतो ती वाट मधल्या काळात विसरली जाते आणि परत बसल्यावर दुसरी वाट दिसते. दोन्ही खरे असावे. बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील प्रयोगात विटेसारख्या साध्या वस्तूचे अनपेक्षित उपयोग सांगायला लावून मध्ये एक विराम देण्यात आला. ज्यांना त्या विरामात मन भटकू शकेल असे हलके काम दिले होते, ते आधी विचारलेल्या वस्तूंच्या बाबतीत कठीण काम करणाऱ्यांपेक्षाही पुढे गेले आणि नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षाही. नव्याने विचारलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र त्यांना असा काही फायदा झाला नाही. म्हणजे मुरायला ठेवण्यासाठी आधी काहीतरी घातलेले असावे लागते.

मेंदूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर गैरसमजच अधिक आहेत. डावा मेंदू तर्काचा आणि उजवा मेंदू कल्पनेचा, ही सोयीची वाटणी खरी नाही. सर्जनशील कामात दोन्ही बाजूंचे अनेक भाग एकत्र गुंतलेले असतात. आपण काहीही विशेष करत नसताना, आठवणींत किंवा दिवास्वप्नांत रमलेलो असताना, मेंदूतल्या भागांचे एक विशिष्ट जाळे सक्रिय असते. लक्ष एकवटून काम करताना आणि चुकीचे विचार बाजूला सारताना दुसरे जाळे पुढे येते. एरवी ही दोन जाळी बहुधा आळीपाळीने चालतात. रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की ज्यांना अधिक मौलिक कल्पना सुचतात त्यांच्या मेंदूत ही एरवी वेगळी राहणारी जाळी अधिक घट्टपणे एकमेकांशी जोडलेली असतात. भटकणे आणि पारखणे यांचे हे एकत्र नांदणे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण नुसते भटकणारे मन सर्जनशील नसते आणि नुसते पारखणारेही नसते.

पारखण्याचा हा भाग सर्वांत उपेक्षित राहिला आहे. नवनिर्मिती म्हणजे मुळात निवड, असे प्वांकारे यांचेही मत होते. जुळण्या अगणित असतात, त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात, आणि उपयोगी त्या ओळखणे हेच काम असते. पाब्लो पिकासो यांचे ‘गेर्निका’ हे चित्र कसे घडले ते पाहिले की ही निवड हातात धरून पाहिल्यासारखी दिसते. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर बॉम्बहल्ला झाला. १ मे रोजी पिकासो यांनी पहिली रेखाटने केली, आणि बैल, घोडा आणि हाती दिवा घेतलेली स्त्री ही मध्यवर्ती आकृत्यांची मांडणी त्या पहिल्या दिवशीच कागदावर आलेली दिसते. सुचण्याचे काम तिथे बरेचसे झाले होते. पुढे सुमारे ४५ प्राथमिक रेखाटने झाली आणि जवळपास आठ मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर जूनच्या सुरुवातीपर्यंत काम चालू राहिले. छायाचित्रकार डोरा मार यांनी या कॅनव्हासचे वेळोवेळी फोटो काढले, म्हणून काय खोडले गेले तेही आज आपल्याला पाहता येते. सुरुवातीला पडलेल्या सैनिकाची वळलेली मूठ आकाशाकडे ताठ उभी होती. नंतर त्या मुठीत धान्याच्या लोंब्या आल्या आणि मागे सूर्यासारखे वर्तुळ आले. मग हात पूर्णपणे नाहीसा झाला. खाली झुकलेले घोड्याचे डोके वर येऊन चित्राच्या मधोमध किंचाळू लागले. रंगीत कागदाचे तुकडे कॅनव्हासवर लावून पाहिले आणि काढून टाकले. ती उगारलेली मूठ वाईट कल्पना मुळीच नव्हती. विजयाची किंवा प्रतिकाराची खूण म्हणून ती कोणालाही पटली असती. पण ती त्या चित्रातल्या आकांताला सांत्वन देत होती, म्हणून ती गेली असावी, असे मला वाटते. चांगले सुचलेले पुसण्याची तयारी ही सुचण्याइतकीच दुर्मीळ असते.

निवडीला वाव हवा तर आधी भरपूर असायला हवे. डीन सायमंटन यांनी अनेक शास्त्रज्ञ आणि कलावंतांच्या आयुष्यभराच्या कामाचा अभ्यास करून असे दाखवले, की त्यांची सर्वोत्तम कामे बहुधा त्याच काळात झालेली असतात ज्या काळात त्यांनी सर्वाधिक काम केलेले असते, आणि त्यांची सर्वाधिक फसलेली कामेही त्याच काळातली असतात. दर्जा आणि संख्या यांचे वैर आहे, हा समज यामुळे बराच डळमळतो.

उलट मोकळीक जितकी अधिक तितके सर्जन अधिक, हा समजही तपासून घ्यायला हवा. रोनाल्ड फिंके यांनी लोकांना गोळा, नळी, कडी, आकडा अशा पंधरा साध्या आकारांपैकी तीन घेऊन मनातल्या मनात एखादी उपयोगी वस्तू घडवायला सांगितले. कोणते तीन घ्यायचे आणि काय बनवायचे याची पूर्ण मोकळीक दिली तेव्हापेक्षा, आकारही नेमून दिलेले आणि वस्तूचा प्रकारही नेमून दिलेला अशा वेळी अधिक मौलिक कल्पना निघाल्या. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला याचे नवल वाटणार नाही. पहिल्यांदा मनात आलेला शब्द गणात बसत नाही, लघूच्या जागी गुरू येतो, मग तो शब्द सोडून द्यावा लागतो आणि दुसरा शोधावा लागतो. तो येताना आपल्याबरोबर वेगळी छटा घेऊन येतो आणि कधी कधी सारी ओळच दुसरीकडे वळवतो. बंधनाने इथे जे केले ते एवढेच, की सर्वांत जवळचे उत्तर बंद केले आणि मनाला पुढे चालायला लावले.

साठवायचे, मुरवायचे, पारखायचे, खोडायचे, पुन्हा करायचे, हा इतका दीर्घ उद्योग माणूस करतो तरी कशासाठी? पैसा, कीर्ती, स्पर्धा यांचा काहीच वाटा नसतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण प्रयोग जे सांगतात ते विचार करायला लावणारे आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेल्या मुलांना घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर बक्षीस म्हणून प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी खेळाच्या मोकळ्या वेळात रंग पुन्हा मांडले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. नुकसान बक्षिसाने होत नव्हते. चित्र हे बक्षिसाचे साधन आहे, या समजुतीने होत होते.

मोठ्यांच्या बाबतीत तेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला अधिक हलवून जातो. लेखनाची खरी ओढ असलेल्या ७२ जणांनी आधी बर्फावर एक हायकूसारखी छोटी कविता लिहिली. मग एका गटाला लिहिण्याच्या बाह्य कारणांची यादी दिली, जसे की पैसा, नाव, शिक्षकांची शाबासकी, आणि ती कारणे महत्त्वाच्या क्रमाने लावायला सांगितली. दुसऱ्या गटाला लिहिण्याच्या आनंदाची, आतल्या कारणांची यादी दिली. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच दिले नाही. त्यानंतर सर्वांनी हसण्यावर दुसरी कविता लिहिली. कोणती कविता कोणत्या गटाची हे ठाऊक नसलेल्या कवींनी त्या तपासल्या, तेव्हा बाह्य कारणांचा विचार करून आलेल्यांच्या कविता स्पष्टपणे फिक्या ठरल्या. कोणी त्यांना पैसे दिले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. आपण कशासाठी लिहितो याचा काही मिनिटे चुकीच्या दिशेने विचार करणे तेवढे पुरले होते. आतली कारणे आठवून दिलेल्या गटाच्या कविता मात्र काहीच न दिलेल्यांपेक्षा फारशा सरस ठरल्या नाहीत, कारण ती ओढ त्यांच्याकडे आधीपासूनच होती.

असे का व्हावे, याचा धागा पुन्हा त्या मेणबत्तीपाशी सापडतो. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये तोच प्रश्न दोन गटांना दिला आणि त्यांतल्या एका गटाला लवकर सोडवल्यास रोख बक्षीस देऊ केले. बक्षिसाच्या आशेने सोडवणाऱ्यांना सरासरीने साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ जास्त लागला. टाचण्या खोक्याबाहेर ठेवल्या, म्हणजे प्रश्न सरळ झाला, तेव्हा मात्र बक्षीसवाले पुढे होते. वाट ठाऊक असेल तर बक्षीस पायांना वेग देते. वाटच शोधायची असेल तेव्हा ते नजर अरुंद करते, आणि खोके नजरेच्या कडेलाच राहते.

म्हणून मानधन किंवा मागणी ही सर्जनाची शत्रू ठरत नाही. ‘गेर्निका’ हेसुद्धा सांगून करवून घेतलेले काम होते. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने ते जानेवारी १९३७ मध्ये पिकासो यांच्याकडे सोपवले होते. पुढचे तीन महिने त्यातून काही ठोस निघाले नाही. एप्रिलमध्ये ते चित्रकाराचा स्टुडिओ या जुन्याच विषयाभोवती रेखाटने करत होते. मागणीने भिंत दिली, मुदत दिली, पण विषय दिला नाही. बॉम्बहल्ल्याची बातमी आली आणि काही दिवसांतच कामाचा वेग पार बदलला. जे सांगितल्याशिवाय राहवत नाही असे काहीतरी त्या दिलेल्या चौकटीत शिरले होते.

‘राहवत नाही’ हे या ओढीचे मराठीतले सर्वांत अचूक नाव आहे, असे मला वाटते. तिच्यात आनंद असतो, तशी अस्वस्थताही असते: काहीतरी बसत नाही, एक जागा रिकामी आहे, एक प्रश्न नीट विचारलेलाच नाही. जेकब गेटझेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी शिकागोतील कलाशाळेच्या ३१ विद्यार्थ्यांना पाहताना ही अस्वस्थता जवळून टिपली. त्यांचे संशोधन १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आले. खोलीत दोन टेबले होती, एकावर २७ वस्तू होत्या, दुसरे रिकामे होते. हव्या त्या वस्तू उचलायच्या, रिकाम्या टेबलावर मांडायच्या आणि चित्र काढायचे, एवढेच काम होते. काहींनी दोन-तीन वस्तू उचलल्या, मांडल्या आणि काही मिनिटांतच चित्राचा आराखडा ठरवून ते रंगवण्याच्या मागे लागले. इतर काहींनी कितीतरी वस्तू हाताळल्या, उलटून पाहिल्या, त्यांचे वजन जोखले, त्यांचे भाग हलवून पाहिले, मांडणी मोडली, पुन्हा केली. आणि आपण नेमके कशाचे चित्र काढतो आहोत हे त्यांच्या कागदावर फार उशिरा, काही वेळा शेवटाकडे, दिसू लागले. कलेच्या जाणकारांनी ज्यांच्या चित्रांना अधिक मौलिक ठरवले ते हे दुसरे विद्यार्थी होते, आणि सुमारे सात वर्षांनी चित्रकार म्हणून पाय रोवलेले जे आढळले त्यांतही याच प्रकारचे अधिक होते. चित्र संपल्यावर प्रत्येकाला एक प्रश्न विचारला होता: यातले काही काढले किंवा बदलले तर चित्राचे मूळ रूप बिघडेल का? लवकर ठरवून मोकळे झालेल्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने काम पुरे झाले होते. उशिरापर्यंत वस्तू हलवत राहिलेल्यांना अजूनही त्यात बदलण्यासारखे काही दिसत होते.